मच्छरदाण्या वाटल्या, धूरही झाला, तरी हिवताप हटत नाही: आधी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जंगलालगतच्या काही वस्त्यांमध्ये दर पावसाळ्यानंतर हिवतापाचे रुग्ण वाढतात. दोन वर्षांपूर्वी मच्छरदाण्या वाटून झाल्या. रुग्ण वाढले की धूरफवारणी होते, पाणी साचू देऊ नका म्हणून सभाही होतात. आकडा मात्र खाली येत नाही. पैसा आणि माणसं दोन्ही मोजकीच. अशा वेळी कशाला हात घालायचा?

धूरफवारणीपासून सुरुवात करतो, कारण तुमचा पैसा तिथे अडकला आहे. धुराचं यंत्र गल्लीतून जातं तेव्हा त्या घडीला हवेत उडत असलेले डास मरतात. थोड्या वेळात धूर विरतो आणि मागे काहीही उरत नाही. हिवताप पसरवणारा ॲनॉफिलीस जातीचा डास चावतो रात्री, बहुतेक जाती तर माणसं गाढ झोपल्यावर. दिवसा तो घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, टांगलेल्या कपड्यांमागे, गोठ्यात नाहीतर बाहेर झाडोऱ्यात बसून असतो. यंत्र फिरतं ते कर्मचाऱ्यांच्या वेळेनुसार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही हिवतापासाठी धुराऐवजी औषधी (कीटकनाशक लावलेल्या) मच्छरदाण्या किंवा घरफवारणीला, म्हणजे घराच्या भिंतींवरच्या फवारणीला, प्राधान्य द्यायला सांगतात. तरी धूर सुटत नाही, कारण त्याचा आवाज होतो आणि तो सगळ्यांना दिसतो. माझ्या नोकरीत कुठलीही नवी गोष्ट सुरू करताना झाला नाही इतका विरोध मला ते यंत्र बंद करताना झाला.

आता थोडं गणित. ते डोक्यात बसलं की पुढचे निर्णय सोपे जातात. डासाची मादी रुग्णाचं रक्त प्यायली म्हणजे दुसऱ्याच दिवशी ती रोग पसरवू लागते असं नाही. हिवतापाचा परजीवी तिच्या पोटात वाढून लाळग्रंथींपर्यंत पोचायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, हवा थंड असेल तर जास्तच. डासांच्या आयुष्यात हा फार मोठा काळ आहे. म्हणजे धोका फक्त म्हाताऱ्या माद्यांचा. समजा दररोज शंभरातल्या ९० माद्या जगतात. मग १२ दिवसांनंतर २८ उरतील. रोज जगणाऱ्यांचं प्रमाण ९० वरून ८० वर आणलं, तर १२ दिवसांनंतर जेमतेम ७ उरतात. रोजच्या जगण्यात थोडासाच खोडा घातला आणि धोकादायक माद्या चौथाईवर आल्या. अळ्या निम्म्या मारल्या असत्या तर डासही निम्मेच कमी झाले असते. हिवतापाचे अभ्यासक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात हा हिशोब मांडला. म्हणून जो उपाय रात्रंदिवस घरात ठाण मांडून बसतो आणि टेकलेल्या प्रत्येक डासाला मारतो, तो एका फेरीच्या धुराहून कितीतरी भारी पडतो. मच्छरदाणी आणि भिंतीवरची फवारणी, दोन्ही याच जातीचे उपाय.

पण वस्तू वाटली म्हणजे उपाय झाला, असं नाही. इथेच तुमचं घोडं अडलं असावं असा माझा अंदाज आहे.

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी मच्छरदाण्या वाटल्या. किती वाटल्या ते कागदावर सापडेल, आज रात्री किती टांगल्या जातात ते कागदावर नसेल. दोन माणसांमागे एक हा नेहमीचा हिशोब, आणि चांगली औषधी मच्छरदाणी साधारण तीन वर्षं टिकावी अशी अपेक्षा. प्रत्यक्षात चुलीजवळ, लाकडी खाटेच्या कडांना घासून, मुलांच्या ओढाताणीत ती त्याच्या आधीच फाटते. रात्री नऊनंतर, घरच्यांना आधी सांगून, टॉर्च घेऊन वीसेक घरं फिरा. बहुतेक वेळा दिसतं ते असं: एक मच्छरदाणी टांगलेली, एक गाठोड्यात नवीकोरी, पाहुण्यांसाठी राखलेली, तिसरीला भोक पडलं म्हणून ती भाजीच्या वाफ्यावर गेलेली. टांगलेल्या मच्छरदाणीत घरातला कर्ता पुरुष झोपलेला आणि धाकटी मुलं बाहेर, हेही अनेकदा पाहिलंय. लहान मुलं आणि गरोदर बाया आधी आत गेल्या पाहिजेत, कारण हिवतापाने दगावण्याचा धोका त्यांनाच जास्त. जगभर २०२३ मध्ये हिवतापाने अंदाजे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि आफ्रिकेत मेलेल्यांपैकी चारातली तीन पाच वर्षांखालची मुलं.

मच्छरदाण्यांबद्दल मी उगाच नाक मुरडत नाही. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात साऱ्या उपायांनी मिळून सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले असा अंदाज आहे, आणि त्यातला ६८ टक्के वाटा एकट्या औषधी मच्छरदाण्यांचा. तेव्हा मच्छरदाण्यांपुरतं पहिलं काम, असलेल्या वापरात आणणं. नवीन मच्छरदाणी पाकिटातून काढल्यावर एक दिवस सावलीत वाऱ्यावर टाकायची, नाहीतर पहिल्या रात्री तोंडाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात आणि ती कायमची गाठोड्यात जाते. धुतली तर साध्या साबणाने, तेही क्वचितच, आणि उन्हात वाळवायची नाही. खिळे आणि दोरी मच्छरदाणीसोबतच द्या. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण खिळा नाही म्हणून न टांगलेल्या मच्छरदाण्या मी इतक्या पाहिल्या आहेत की पुढे पुढे वाटपाला जाताना हातोडी बरोबर ठेवू लागलो.

डासांनी औषध पचवलं आहे का, हा पुढचा प्रश्न. नेहमीच्या मच्छरदाण्यांवरचं पायरेथ्रॉइड गटाचं औषध बऱ्याच भागांत निष्प्रभ होत चाललंय. तिथे पायपेरोनील ब्युटॉक्साइड हे त्या औषधाचा जोर वाढवणारं रसायन मिसळलेल्या मच्छरदाण्या घ्याव्यात, किंवा पायरेथ्रॉइडसोबत क्लोरफेनापिर हे वेगळ्या गटाचं कीटकनाशक असलेल्या. या दुसऱ्या प्रकाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. तुमच्या भागातल्या डासांची चाचणी झाली आहे का, हे कीटकशास्त्र विभागाला विचारा. नवी खरेदी त्यानंतर.

घरफवारणी करायची असेल तर ती रुग्ण वाढल्यावर करू नका. हंगाम सुरू होण्याआधी भिंती तयार हव्यात. आणि अर्धवट तर मुळीच नको. वस्तीतली ८० टक्क्यांपेक्षा कमी घरं झाली तर पैसा जवळजवळ वाया गेला असंच समजा, कारण सुटलेल्या घरांमध्ये डासांना आसरा मिळतो. फवारणीची टोळी काम करत असताना स्वतः उभं राहून बघा. पंपाची नळी भिंतीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर, पट्टा ७५ सेंटिमीटर रुंद, वरून खाली, मग एक पाऊल बाजूला सरकून खालून वर, आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवून. दुपारनंतर हात थकतात, नळी लांब जाते, चाल वाढते, आणि भिंतीवर औषध पडतं निम्मं. वाळल्यावर काही औषधांचा पांढरट थर राहतो, त्यावरून पट्टे सलग आहेत की मध्ये मोकळ्या जागा सुटल्या, ते कळतं. मातीच्या भिंती औषध शोषतात. त्यात सणाच्या नाहीतर लग्नाच्या आधी घर लिंपलं की नव्या मातीखाली सगळं गाडलं गेलं. त्यामुळे फवारणीची तारीख ठरवण्याआधी वस्तीला विचारा की घरं लिंपायची कधी. तारीख आपण बदलायची.

मच्छरदाण्याही थोड्या, फवारणीही थोडी, असं करू नका. एकच उपाय निवडून तो पुरेपूर करणं बरं. एकाचं अपुरेपण झाकायला दुसरा जोडला की दोन्ही अपुरे राहतात.

आता तुमच्या वस्त्यांचा खरा पेच. जंगलालगत म्हणालात, म्हणून सांगतो: गेल्या हंगामाची रुग्णनोंदवही उघडा आणि फक्त वय आणि लिंग हे दोन रकाने वाचा. लहान मुलं, बाया, म्हातारे, सगळे सारख्या प्रमाणात असतील तर डास घरात नाहीतर घराच्या आसपास चावतोय आणि वर सांगितलेलं सगळं लागू पडतं. पण रुग्णांमध्ये पंधरा ते चाळीस वर्षांचे पुरुषच जास्त दिसले, तर लागण घरात होत नाही. एका वस्तीत आम्ही दोन हंगाम मच्छरदाण्यांवर घालवले. घरोघरी टांगलेल्या, कुठे नाव ठेवायला जागा नाही, तरी रुग्ण तेवढेच. शेवटी एका बाईने सहज सांगितलं की या दिवसांत पुरुष घरी झोपतच नाहीत, राखणीला मचाणावर असतात. मच्छरदाण्या गावात आणि माणसं रानात! हे नोंदवहीत दोन वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होतं, कुणी वाचलं नव्हतं. मी तर सह्याही केल्या होत्या.

अशा माणसांसाठी झोळीवर किंवा मचाणावर लावता येणारी मच्छरदाणी, औषध लावलेले कपडे, अंगाला लावायचं डास पळवणारं मलम, असे उपाय आहेत. त्यांचा परिणाम मच्छरदाणीइतका पक्का नाही हे मान्य करूनच ते वापरायचे. मला त्याहून भरवशाचं वाटतं ते त्यांच्या मुक्कामापाशी तपासणी आणि औषध नेणं. लाकूडतोड, खाण, रस्त्याचं काम, धरणाचं काम, जिथे माणसं टोळीने जातात तिथे त्यांच्यातल्याच एकाला शिकवून चाचणीचे संच आणि औषधाची पाकिटं त्याच्या हवाली करायची.

आणि हाच माझ्या उत्तराचा गाभा आहे. पैसा थोडा असेल तर मी तो आधी एकाच गोष्टीवर लावेन: ताप आल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंतचा वेळ २४ तासांच्या आत आणणं. रुग्ण वाचतो हे तर झालंच. फाल्सिपेरम हिवतापात (परजीवींच्या सगळ्यात जीवघेण्या जातीमुळे होणाऱ्या) डासाकडे जाणारी परजीवींची अवस्था तापानंतर आठवड्याभराने, दहा दिवसांनी रक्तात तयार होऊ लागते. त्याआधी औषध मिळालं तर तो माणूस डासांसाठी निरुपयोगी होतो. म्हणजे लवकरचा उपचार हेच डासनियंत्रण.

त्यासाठी डॉक्टर लागत नाही. पट्टीवरची जलद रक्तचाचणी वस्तीतली शिकवून तयार केलेली बाई उत्तम करते. फक्त तिला तीन गोष्टी पक्क्या सांगाव्या लागतात. रक्ताचा थेंब मापातच हवा, जास्त घातला तर पट्टी लाल होऊन वाचता येत नाही. निकाल पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांनीच वाचायचा, साधारण १५ ते २० मिनिटं. तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरायची नाही. आणि संच पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर ठेवायचे नाहीत. आणखी एक मेख: फाल्सिपेरमच्या बहुतेक पट्ट्या ज्या प्रथिनावर चालतात ते रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. म्हणून महिन्याभरात पुन्हा ताप आला आणि पट्टीवर रेघ उमटली तर लगेच 'औषध चाललं नाही' असं म्हणू नका, काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. उलटंही घडतं. काही भागांत परजीवींच्या जनुकातून ते प्रथिनच गळून गेलंय, तिथे पट्टी निरोगी म्हणते आणि माणूस तापाने फणफणलेला असतो.

फाल्सिपेरमवर आर्टेमिसिनिन-आधारित संयुक्त औषध तीन दिवस. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, पोर खेळायला लागतं आणि आई उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवते. तिच्या जागी आपणही हेच केलं असतं. म्हणून तिसऱ्या दिवशी सेविकेने घरी जाऊन 'घेतल्या का' एवढं न विचारता रिकामं पाकीट बघायचं. एक कप्पा भरलेला दिसला तर रागवायचं नाही, पाणी मागायचं आणि समोर गोळी द्यायची. मात्र मुलाने औषध घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी केली असेल तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो, म्हणून तिच्याजवळ एखादं जादा पाकीट असावं.

व्हायवॅक्स ही हिवतापाच्या परजीवीची दुसरी जात, त्याची गोष्ट वेगळी. तो यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, नव्याने डास न चावताही उठतो. रक्तातला परजीवी मारून भागत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन, नेहमीच्या पद्धतीत १४ दिवस. चौदा दिवस बऱ्या माणसाला गोळ्या खायला लावणं हे या साऱ्या कामातलं सगळ्यात चिकाटीचं काम आहे. शिवाय ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. देण्याआधी तपासणीची सोय आहे का ते बघा. नसेल तर निदान सेविकेला आणि रुग्णाला हे माहीत हवं: लघवी काळपट लाल झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली तर गोळ्या तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. गरोदर बाईला आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला प्रायमाक्विन द्यायचंच नाही.

झटके, ग्लानी, दूध-पाणी न जाणं, सारख्या उलट्या, जलद श्वास यांपैकी काहीही दिसलं तर वस्तीत थांबायचं नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला निघण्यापूर्वी गुदद्वारातून द्यायची आर्टेसुनेटची कॅप्सूल मिळाली तर वाटेतला वेळ निभावतो. पण ती पूर्ण उपचार नव्हे. कॅप्सूलने मूल शुद्धीवर आलं म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरलेले लोक मला माहीत आहेत. इस्पितळात इंजेक्शन आणि त्यानंतर पूर्ण तीन दिवसांचं औषध झालंच पाहिजे, हे गाडी निघण्याआधी सांगा.

हे सारं मोडतं एका गोष्टीने, साठा संपण्याने. ऐन हंगामात एका केंद्रात तीन आठवडे चाचणीचे संच नव्हते. सेविका रोज लोकांना परत पाठवत होती. साठा आला, लोक आले नाहीत. ते आधी जिथे जायचे तिथे, अर्धवट गोळ्या देणाऱ्याकडे, परत गेले आणि त्यांना वळवायला पुढचं वर्ष लागलं. पावसात रस्ता बंद होणाऱ्या वस्तीत हंगामभराचा साठा आधीच पोचवून ठेवा.

अळ्यांबद्दल थोडक्यात. साचलेली पाण्याची ठिकाणं मोजकी, कायम आणि सापडण्याजोगी असतील तरच या मागे लागा. टाक्या, विहिरी, बांधकामावरचे हौद असतील तर जरूर. १९३० च्या सुमारास ब्राझीलमध्ये शिरलेला आफ्रिकी ॲनॉफिलीस फ्रेड सोपर यांच्या शिस्तबद्ध मोहिमेने १९४० पर्यंत तिथून नाहीसा केला, तो प्रामुख्याने अळ्या मारूनच. पण पावसाळ्यात जंगलाकडेला गुरांच्या खुरांच्या ठशातसुद्धा पाणी साचतं, झरे वाहतात. तिथे 'पाणी साचू देऊ नका' ही सभा म्हणजे आभाळाला दिलेली सूचना. सभा घ्यायचीच तर मुलांना अळी ओळखायला शिकवा: ॲनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी तरंगते, इतर डासांच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकतात. गटारातल्या अळ्यांसाठी आपण उगाच राबत होतो, हे पोरंच दाखवून देतात.

लशीचं तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारेलच. दोन लशींची शिफारस झाली आहे, आरटीएस,एस २०२१ मध्ये आणि आर२१ २०२३ मध्ये. दोन्ही फाल्सिपेरमविरुद्ध, साधारण पाच महिन्यांपासूनच्या मुलांसाठी, चार मात्रांच्या. आफ्रिकेतल्या तीव्र प्रसाराच्या देशांत त्या द्यायला सुरुवात झाली आहे. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात पावसाळ्याच्या महिन्यांत लहान मुलांना महिन्यातून एकदा प्रतिबंधक औषध देतात, त्याचाही चांगला उपयोग होतो. ही साधनं कुठे वापरायची हे त्या त्या देशाचा कार्यक्रम प्रसाराच्या तीव्रतेवरून ठरवतो, एखाद्या संस्थेने परस्पर सुरू करण्याजोगी ती नाहीत. आणि त्यांच्यामुळे मच्छरदाणी सुटत नाही.

रुग्ण कमी झाले की काय होतं, तेही आताच सांगून ठेवतो. श्रीलंकेत १९६३ मध्ये वर्षभरात अवघे १७ रुग्ण सापडले होते. फवारणी थांबली, रक्ततपासणी सैलावली आणि १९६८-६९ मध्ये रुग्ण लाखोंवर गेले. त्याच देशाने पुढे नेटाने काम करून २०१६ मध्ये हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र मिळवलं. भारतातही १९६५ मध्ये लाखभरावर आलेला आकडा १९७६ मध्ये ६४ लाखांवर पोचला. चीनने शेवटच्या टप्प्यात एक-तीन-सातची शिस्त पाळली: रुग्णाची खबर एका दिवसात, तो कुठून आला याची चौकशी तीन दिवसांत, आसपासच्या घरांची तपासणी आणि बंदोबस्त सात दिवसांत. २०२१ मध्ये तो देश हिवतापमुक्त जाहीर झाला. तुमच्या वस्त्यांत आठवड्याला दहा-वीस रुग्ण असताना ही शिस्त झेपणार नाही, घाई नको. महिन्याला दोन-तीनवर आले की मात्र लगेच धरा, कारण नेमकं तेव्हाच निधी दुसरीकडे वळतो.

या महिन्यात एवढंच करा. धुराचे पैसे चाचणीचे संच आणि औषधसाठ्याकडे वळवा. दर वस्तीत एक माणूस शिकवा, शक्यतो बाई, शक्यतो तिथलीच, आणि तिला महिन्याचे पैसे वेळेवर मिळतील याची सोय आधी करा. रात्री टॉर्च घेऊन फिरून या. आणि नोंदवहीत दोन रकाने वाढवा: ताप कोणत्या दिवशी आला आणि पहिली गोळी कोणत्या दिवशी घेतली, हा एक, गेल्या दोन आठवड्यांत रात्री कुठे कुठे झोपलात, हा दुसरा. छापील नोंदवहीत त्यांना जागा नसते. आम्ही शेऱ्याच्या रकान्यात पेनाने उभ्या रेघा मारून घ्यायचो.